आधी दारू सोड, मग बाकीचं बघू?

हे वाक्य घरात ऐकू येतं, दवाखान्यातही. माझ्या मते मराठवाड्यातली कितीतरी माणसं याच वाक्यापायी उपचाराविना राहतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जो ढिगाऱ्याखाली दबून राहिला, किंवा ज्याच्या डोळ्यांदेखत उसाची ट्रॉली सोबत्यांच्या अंगावर उलटली, त्याला दारू झोपेसाठी लागते. क्वार्टर पोटात गेली की डोळा लागतो. पण दारू स्वप्नांची झोप दाबून धरते, आणि ती सोडली की दाबलेली स्वप्नं उसळून येतात. मग माळ घातलेला माणूस आठ दिवसांत परत गुत्त्यावर दिसतो. गाव म्हणतं, माळेचीबी लाज नाही. अहो, तो झोपेवाचून हरलेला असतो.

दारू आणि आघाताचा त्रास, म्हणजे अशा भयंकर प्रसंगाची मनात बसलेली भीती, या दोन्हींवर एकत्र उपचाराची बांधीव पद्धत आहे: १२ बैठका, प्रत्येकी साधारण ९० मिनिटं. सुरुवातीला तलफेची वही. किती वाजता आली, कशानं आली, किती जोराची होती. मग भीतीची शिडी, ० ते १०० गुणांची. ट्रॉलीचंच घ्या: मोबाईलवर ट्रॅक्टरचा आवाज ऐकणं ४०, उभ्या ट्रॉलीजवळ थांबणं ६०, तिच्यात बसणं ८०. खालच्या पायरीपासून चढायचं आणि प्रत्येक ठिकाणी ३०-४५ मिनिटं, भीती उतरेपर्यंत थांबायचं. गफलत इथंच होते. भीती ऐन भरात असताना माणूस निघून आला, की मन शिकतं, पळालो म्हणून वाचलो. घोट घेऊन गेला तर श्रेय दारूला जातं. पुढं तो मूळ आघाताचा प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा सांगायचा, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं.

'जुनं उकरू नका, आणखी पिईल,' ही भीती घरच्यांना असतेच. ऑस्ट्रेलियात १०३ जणांवर ही पद्धत तपासली गेली, २०१२ साली निष्कर्ष छापून आले: आघाताचा त्रास जास्त कमी झाला, नशा वाढली नाही. एखाद्या दिवशी पिऊन आला तर त्या दिवशी आठवणींचं काम नको. पण उपचार थांबवू नयेत.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र घरीच एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जिवावर बेततं. त्याला भरतीच करावं लागतं. आपल्याकडं आधी 'सलाईन लावा' म्हणतात. ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि भाजीत चोरून दारू सोडवायची पूड कालवू नका, हात जोडून सांगतो. त्यात डायसल्फिराम हे औषध असलं आणि वरून तो प्यायला, तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. शिवाय आधीच कुणावर विश्वास न उरलेला माणूस घरच्या ताटावरही विश्वास ठेवत नाही.

जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकाराच्या डॉक्टरांकडं गेलात की नुसतं 'दारू पितो' म्हणू नका. रात्री ओरडत उठतो, आवाजानं दचकतो, त्या रस्त्यानं जात नाही, हेही सांगा. जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.