ट्रक निघाला की मदत झाली

कुठे भूकंप झाला, पूर आला, की लगेच वस्तू गोळा करायला लागा. तिथे काय हवंय ते विचारू नका. विचारलंत तर उत्तर येईल, आणि कपाट रिकामं करायची चालून आलेली संधी जाईल. पैसे पाठवा, गरजेच्या वस्तू जवळच्या बाजारातून घेता येतील, असं कुणी सुचवलं तर दुर्लक्ष करा. पैशांच्या ढिगासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही.

कपडे, चपला, अर्धवट संपलेली औषधं, सगळं एकाच खोक्यात कोंबा. अन्नाला लाल खूण, औषधांना हिरवी, कपड्यांना निळी अशी एक पद्धत आहे म्हणतात. असेल. पण मग खोकं उघडणाऱ्याला उत्सुकता कसली राहणार?

औषधांच्या बाबतीत तर हात मुळीच आखडता घेऊ नका. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य येऊन पडलं. आलंय काय, याचा अंदाज यायला ५० माणसं सहा महिने खपली. आठ टक्के औषधांची मुदत येतानाच संपलेली, चार टक्के थंडीने बाद, आणि उरलेल्यातली जेमतेम ४२ टक्के त्या प्रसंगात कामाची. एवढ्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये नियम काढले: औषध पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, लेबल तिथल्या डॉक्टरांना समजेल अशा भाषेत हवं. देणाऱ्यावर केवढा हा अविश्वास!

आता गोदाम. थप्पी थेट जमिनीवर लावा आणि भिंतीला चिकटवा. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, हे चोचले जागा खातात. ओल वर चढते, उंदीर मागून येतात, आणि तळाचं पोतं ओढलं की शिवणीपाशी उसवून त्यातून पिठाचा हिरवट गोळा बाहेर पडतो. तोवर तुमची बदली झालेली असेल. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या पिठाशेजारीच ठेवा, वास आपोआप पसरतो. मुदत आधी संपणारा माल सगळ्यांत मागे सरकवा. प्रत्येक थप्पीला नोंदीचा कागद लावून आवक-जावक लिहायचा आग्रह कुणी धरला तर आपली स्मरणशक्ती उत्तम आहे असं सांगा. धनुर्वाताची लस २ ते ८ अंशांत ठेवतात आणि गोठली की ती निकामी होते. तुम्ही मात्र ती बर्फातच खोचा, गार म्हणजे गार.

वाहतुकीत घाई महत्त्वाची, क्रम नाही. हैतीत २०१० च्या भूकंपात बंदर मोडलं, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाला धावपट्टी एकच. अशा वेळी तुमची जुन्या कोटांची खोकी आधी उतरली पाहिजेत. शस्त्रक्रियेचं सामान आकाशात घिरट्या घालील. ट्रक सगळ्यांत मोठा निवडा. वाटेतला पूल किती वजन पेलतो ते पूल सांगेलच. जे पहिल्यांदा लागणार ते पहिल्यांदा भरा, म्हणजे ते नेमकं सगळ्याच्या तळाशी जाईल. उतरवायला माणसं कोण देणार, हे गाडी पोचल्यावर बघता येतं.

आणि पोचपावतीवर सही गाडी निघतानाच घेऊन ठेवा. चालकाची चालते.