इंटरनेट नेपाळला गेलं नाही, काका. ते मोरीपाशी अडकलंय

परवा रात्री पावणेअकराला आमच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर 'जसा आला तसा पाठवला', खाली माझ्या नावाने पुरवणी: "तू यातलाच ना? वाच आणि दहा जणांना पाठव." मी तालुक्याच्या गावी ब्रॉडबँडचा छोटा धंदा करतो, सहाशेच्या आसपास कनेक्शनं आहेत. म्हणजे मी यातला, हे खरं. दहा जणांना पाठवणं मात्र जमणार नाही.

मेसेजचा मजकूर असा: सरकार नेपाळ, भूतान, बांगलादेशाला फुकट इंटरनेट वाटतंय. शेजाऱ्यांना दिल्यामुळेच आपल्या खेड्यांत इंटरनेट पोचत नाही. त्रिपुराचं इंटरनेट बांगलादेशातून येतं, त्यामुळे आपला सगळा डेटा ते वाचतात. पाकिस्तानचं इंटरनेट मुंबईतून जातं, एक बटण दाबलं की बंद. आणि आता उपग्रह आलेत, मग शेजाऱ्यांशी केबलीचे करार हवेतच कशाला? जागे व्हा, वगैरे.

असले मेसेज रोज येतात, मी पुढे सरकतो. हा सोडवेना, कारण तो मी आधी ऐकला होता, तोही ग्रामसभेत. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने विचारलं, की ग्रामपंचायतीतलं इंटरनेट चार महिने बंद का? शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला आम्ही सड्यावर, टाकीपाशी जाऊन उभं राहायचं का? ग्रामसेवक भाऊसाहेब उत्तर द्यायला उठणार, तेवढ्यात काकाच उठले आणि म्हणाले, "अगं, ते सगळं नेपाळला गेलंय." चारजण हसले, चारजणांनी माना डोलावल्या, आणि विषय नळपाणी योजनेवर गेला. भाऊसाहेबांनी वही मिटली. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही, आणि उत्तर न देण्याची सोय आमच्या काकांनी करून दिली.

म्हणून आधी तोच मुद्दा घेतो. इंटरनेट म्हणजे कोयनेचं पाणी नव्हे, की तिकडे सोडलं तर इकडे कमी पडलं. गावात ते येतं काचेच्या केसाएवढ्या तारेतून, आणि त्या तारेची क्षमता त्या तारेपुरती असते. नेपाळला जाणाऱ्या लाइनी रक्सौलहून बीरगंजला, सोनौलीहून भैरहवाला, जोगबनीहून विराटनगरला जातात. त्या उद्या सगळ्या कापल्या तरी गुहागर, दापोली, राजापूरच्या एकाही वाडीत एका अक्षराने स्पीड वाढणार नाही. बिहारच्या सीमेवरचा नळ बंद केला म्हणून आपल्या विहिरीचं पाणी चढत नाही, तसंच.

देशात मुळात इंटरनेट किती येतं, याचा आकडा ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, जून २०२३ मध्ये समुद्री केबलींबद्दल ज्या शिफारशी केल्या त्यात आहे. ज्याला शंका असेल त्याने तो एक दस्तऐवज चाळावा, मेसेज नव्हे. २०२२ अखेर भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ ठिकाणी किनाऱ्याला लागत होत्या आणि त्यांची चालू क्षमता होती सुमारे १११ टेराबिट प्रति सेकंद. आता ज्या बांगलादेश कराराबद्दल मेसेजमध्ये एवढा आरडाओरडा आहे, तो सुरू झाला १० गिगाबिटवर. हजार गिगाबिटचा एक टेराबिट, म्हणजे हा १११ टेराबिटचा अकरा हजारावा हिस्सा. माझ्यासारख्या पाच-सहा छोट्या धंदेवाल्यांची रात्री नऊची गर्दी, बस.

आणि गंमत म्हणजे ते १० गिगाबिट आपण त्यांना दिलेले नाहीतच, आपण त्यांच्याकडून विकत घेतलेत! २३ मार्च २०१६ ला भारत आणि बांगलादेशाच्या पंतप्रधानांनी व्हिडिओवरून दोन कळा दाबल्या. एका कळीने त्रिपुरातली १०० मेगावॉट वीज बांगलादेशाला जायला लागली, दुसरीने बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरचं इंटरनेट सीमेवरच्या आखाउडामार्गे आगरतळ्याला यायला लागलं. मुंबई आणि चेन्नईनंतर आगरतळा हे देशाचं तिसरं आंतरराष्ट्रीय दार, असं तेव्हा सांगितलं गेलं. हे का करावं लागलं, ते नकाशा उघडला की कळतं. ईशान्येकडची सगळी राज्यं सिलिगुडीजवळच्या वीस-बावीस किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीने उरलेल्या देशाला जोडलेली आहेत. आगरतळ्याहून कोलकात्याला भारतातल्या भारतात जायचं तर वळसा १,६०० किलोमीटरच्या आसपास. केबललाही तोच वळसा, त्यात डोंगर, दरडी आणि रस्तारुंदीकरणाचे जेसीबी. बांगलादेशाची सीमा मात्र आगरतळ्याला खेटून. शेजारच्या घरून पाइप घेतला तर यात कमीपणा कसला? आपल्याकडे वाडीत हेच करतात, फक्त त्याला 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' म्हणत नाहीत.

(तिकडेही असे काका आहेत बरं का. ईशान्येला बांगलादेशातून आणखी मोठी बँडविड्थ नेण्याचा खासगी कंपन्यांचा एक प्रस्ताव होता. 'यात आपलं नुकसान, फायदा भारताचा' असं म्हणत बांगलादेशच्या दूरसंचार नियामकाने २०२४ च्या डिसेंबरात तो गुंडाळला. आपला मेसेज बंगालीत भाषांतर केला तर तिथे जसाच्या तसा चालेल.)

'फुकट'चं म्हणाल तर नेपाळला विचारा. २०२४ च्या मे महिन्यात नेपाळच्या इंटरनेट कंपन्यांची भारतीय कंपन्यांकडची बिलं थकली होती. तिथल्या सरकारशी वाद चालू होता आणि परकीय चलन बाहेर पाठवायला परवानगी मिळत नव्हती. इकडून पुरवठा तोडला गेला आणि नेपाळच्या बऱ्याच भागांत काही तास इंटरनेट गेलं. फुकट वाटलेल्या वस्तूचं बिल थकत नाही. मलाही माझा वरचा पुरवठादार दर महिन्याच्या सात तारखेला अशीच आठवण करून देतो, म्हणून ही बातमी मला जरा जास्तच आपली वाटली होती. आणि आपण विकलं नाही तर ते गप्प बसतील असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये नेपाळ टेलिकॉमने केरुंग-रसुवागढीच्या वाटेने चीनकडून लाइन घेतली, सुरुवातीला दीड गिगाबिटची. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला हवं ते झालं, तर गिऱ्हाईक सरळ पलीकडच्या दुकानात जाईल.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. 'फुकट' शब्दात एक कण खरा आहे. ५ मे २०१७ ला भारताने जीसॅट-९, म्हणजे 'दक्षिण आशिया उपग्रह' सोडला, तो खरोखर शेजाऱ्यांना भेट होता. खर्च आपण केला, पाकिस्तान त्यातून बाहेर राहिला. पण त्यावर बारा ट्रान्सपाँडर आहेत, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं. टीव्ही, दूरवैद्यक, आपत्तीत संपर्क, असल्या कामाचा तो उपग्रह. घराघरांत सिनेमे बघण्याचं ब्रॉडबँड त्यातून वाटलं जात नाही आणि तुमच्या वाडीचं तर मुळीच कापलं जात नाही.

तिथूनच 'उपग्रह आले, केबली कशाला' हा मुद्दा. थोडक्यात: देशोदेशींमधली जवळपास सगळी वाहतूक आजही समुद्राच्या तळाशी असलेल्या केबलींतून जाते. उपग्रह सड्यावरच्या एकट्या घराला, बोटीला, दरड कोसळलेल्या गावाला वरदान आहे. मुंबईची रात्र त्याच्यावर निभणार नाही. काका वर्सोव्याला त्यांच्या मुलीकडे जातात तेव्हा चौपाटीवर फिरतात. त्यांच्या चपलांखालच्या त्याच किनाऱ्यावर केबली वर येतात, हे त्यांना एकदा दाखवायचं आहे.

डेटा वाचतात म्हणे. बँकेचं ॲप, व्हॉट्सॲप, साध्या वेबसाइटीसुद्धा आता कुलूपबंद पाकिटातच पाठवतात. वाटेतल्या माणसाला पाकीट कुठून कुठे चाललंय ते दिसतं, आतलं पत्र नाही. तेवढं दिसणंही सरकारी कामाला नको असेल, तर तिथे वेगळी वाट ठेवावी, ही सावधगिरी रास्त आहे. पण मुंबईहून युरोपला जाणारा बहुतेक डेटासुद्धा इजिप्तमधून जातो, त्याबद्दल कधी मेसेज आला नाही.

राहिलं पाकिस्तानचं बटण. असं बटण नाही. २००५ च्या अखेरीस सुरू झालेली सी-मी-वी ४ ही केबल सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत सुमारे १८,८०० किलोमीटरची. ती चेन्नईला लागते, मुंबईला लागते, आणि कराची, कोलंबो, कॉक्स बाजारलाही लागते. ती बांधली सोळा कंपन्यांनी वर्गणी काढून, त्यांत आपले व्हीएसएनएल आणि भारती होते, तसे पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेचेही होते. एकट्याला परवडत नाही म्हणून वर्गणी. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात ती आणि तिच्यासोबत आणखी एक केबल तुटली, तेव्हा कराचीतलं इंटरनेट मंदावलं आणि आपल्याकडचंही. काका तेव्हा मला फोन करून ओरडले होते, की व्हिडिओ का अडकतोय. समुद्रातल्या केबली बहुतेक वेळा नांगराने आणि मासेमारीच्या जाळ्यांनी तुटतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी.

आता मोरी. ग्रामसभेनंतर मी ओटीडीआर घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. हे यंत्र तारेत प्रकाश सोडतं आणि तार कुठे तुटली ते मीटरमध्ये सांगतं. सरकारी योजनेतली पेटी कपाटामागे होती, वर निवडणुकीच्या याद्यांचा गठ्ठा. बॅटरी फुगलेली. बॅटरी बाजूला ठेवून मोजलं, तर तार ४.२ किलोमीटरवर मेलेली. गाडी काढून बघितलं, तर बरोबर नव्या रस्त्याची मोरी. पाइप टाकताना जेसीबीने ओढलेली केबल मातीतून वीतभर वर आलेली, काळं आवरण फाटून आतल्या रंगीत नळ्या उघड्या, त्यांतल्या एकीत गोगलगाय बसलेली. काठमांडू तिथून लांब आहे.

हा जोड म्हणजे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. तार सोलायची, स्पिरिटने पुसायची, सरळ कापायची, दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरायची. यंत्र ठिणगी देतं आणि दहा-बारा सेकंदांत काच काचेला मिळते. मी ते रोज करतो. इथे करू शकत नाही, कारण तार माझी नाही. रस्तेवाले म्हणतात केबलवाल्यांना विचारा, केबलवाले म्हणतात रस्तेवाल्यांनी भरपाई भरू दे. चार महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातोय आणि गावातून एकही लेखी तक्रार नाही. कशी असणार? इंटरनेट नेपाळला गेलंय ना.

काल मी तक्रारीचा अर्ज लिहिला. सोबत ओटीडीआरचा कागद आणि मोरीचे तीन फोटो, एक गोगलगायीसकट. त्या मुलीने गावभर फिरून एकवीस सह्या आणल्या. पहिली जागा तिने मोकळी ठेवली आहे, तिथे मी पेन्सिलने काकांचं नाव लिहून ठेवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.