घशाचं खातं

रविवारी दुपारी रोहूचा काटा माझ्या घशात अडकला. रोहू म्हणजे मुळात काट्यांची जुडी, मधल्या फटींत थोडं मांस भरलेलं. तो खाताना लक्ष ताटात हवं. माझं टीव्हीवरच्या मॅचकडे होतं.

"काटा..." एवढंच मला म्हणता आलं आणि घरात सल्ल्यांना पूर आला. सांगलीकरांना पूर नवा नाही, पण हा चढला फारच लवकर. आई म्हणाली, कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळ. बायको म्हणाली, केळं. खालचे आप्पा जिना चढून फक्त एवढंच सांगायला आले, "शिळी भाकरी वो, शिळी भाकरी!" मी तिन्ही गिळलं. काटा होता तिथेच. वर दुसरं जेवण झालं ते वेगळंच.

आईनं गणपतीकडं साकडं घालायला हात जोडले, पण मीच खुणेनं थांबवलं. आमचा गणपती सगळीच विघ्नं बघतो, एका काट्यासाठी त्याला कुठं उठवायचं? तेवढ्यात शेजारच्या वसईच्या काकू आल्या. "घाबरू नका भाऊ, संत ब्लेझना सांगितलंय मी."

हे ब्लेझ चौथ्या शतकातले, सेबास्ते गावचे बिशप. गाव आजच्या तुर्कस्तानात. मूळचे वैद्य होते म्हणतात. त्यांना पकडून तुरुंगाकडे नेत असताना एका बाईनं घशात माशाचा काटा अडकलेला पोरगा पुढ्यात आणला आणि त्यांनी तो वाचवला, अशी कथा आहे. माशाचाच काटा! इतका नेमका अनुभव असलेला माणूस मला दिवसभरात पहिल्यांदाच भेटत होता. ३ फेब्रुवारीला चर्चमध्ये दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात, पेटवलेल्या नाही, हे काकूंनी माझा चेहरा बघून सांगितलं.

पुढं काकू रंगातच आल्या. दातांचं बघते अपोलोनिया, कारण तिचे दातच पाडले होते. विजेचं बार्बरा, कारण तिला मारणाऱ्या बापावर वीज पडली. ज्यानं जे सोसलं, ते खातं त्याच्याकडे. आपल्याकडं नवजात बाळाला सटवाई, सापाला बत्तीस शिराळ्याचा नागोबा, तसंच की. पण त्यांच्यात घशाचा वार ३ फेब्रुवारी आणि दातांचा ९. आमच्या डॉक्टरांकडं कान, नाक, घसा एकाच पाटीवर.

"टीव्हीलासुद्धा आहे," काकू म्हणाल्या. "असिसीची क्लारा. १९५८ साली पोपनीच नेमलं तिला."

"मग तिनं यांना जेवताना आवरायला नको होतं का?" बायकोनं विचारलं. काकूंकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं, पण बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी आधी भात, केळं, भाकरीवरून मला झापलं. "असलं गिळून काटा आणखी आत रुततो!" मग दुर्बीण घालून बराच वेळ शोधलं. काटा नव्हताच. नुसता ओरखडा, म्हणून टोचत होतं. फी मात्र शोधल्याचीच घेतली.

घरी आलो तर काकू दारातच.

"निघाला?"

"सापडलाच नाही."

"अय्या, मग अँथनींना सांगते! पादुआचे संत अँथनी. हरवलेली वस्तू हमखास परत मिळवून देतात."

"नको हो काकू," मी घाईघाईनं म्हणालो. "वस्तू परत मिळू नये म्हणून कुणी असेल, तर त्यांना सांगा."