'नशेडींचं फुकट इंजेक्शन' म्हणे! त्या फॉरवर्डचा हिशोब

आठवडाभरापासून आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरून राह्यलं, शेतकऱ्यांचा ग्रुप म्हणू नका, गणपती मंडळाचा म्हणू नका. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेनं नशा करणाऱ्यांना फुकट इंजेक्शन वाटायचा कायदा केला, ते इंजेक्शन म्हणजे दुसरी नशाच, त्यानं तिथं नशा आन् मरणं दोन्ही वाढले, नशेडी पोलिसांपासून सुटले, आता हेच भारतात येणार, पोट्टे सांभाळा. मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यात मेडिकल चालवतो, दोन दिवसांत पाच-सहा जण काउंटरवर येऊन "भाऊ, हे खरं हाय काय" विचारून गेले, तं म्हटलं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे 'दुसरी नशाच'. साफ खोटं. औषधाचं नाव नॅलॉक्सोन. हेरॉइन, अफू, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही सगळी एका घरची पोरं, मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात आन् डोस जास्त झाला की श्वास मंदावत मंदावत बंद पडतो. नॅलॉक्सोन काय करते, तं एसटीत रुमाल टाकून बसलेल्याला उठवून स्वतः सीटवर बसते, तसा श्वास परत चालू होतो, पण तिकीट मात्र जवळच्याच स्टॉपचं, अर्धा ते दीड तासात ते उतरून जाते आन् उभा असलेला फेंटानिलबुवा परत बसू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी पेशंटला दवाखान्यात न्यावंच लागते. ज्यानं यातलं काहीच घेतलं नाही त्याला नॅलॉक्सोन दिलं तं काहीच होत नाही. ना नशा, ना सवय. आन् ज्यानं घेतलं असते तो उठतो तो घाम, उलट्या, अंगदुखी घेऊन. मजेसाठी कोण घेईल राजेहो?

'फुकट' अर्धं खरं. काही ठिकाणी वाटतात, पण दुकानातलं नार्कन, म्हणजे नाकात मारायचा 4 मिलिग्रॅमचा स्प्रे, 2023 मध्ये दुकानात आलं तेव्हा दोन डोसच्या पाकिटाला 45 डॉलरच्या आसपास पडत होतं. मार्च 2023 मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. आन् हे औषध लोकांपर्यंत पोचवायचा कायदा काही काल-परवाचा नाही, न्यू मेक्सिकोनं 2001 मध्येच केला, 2017 पर्यंत पन्नासही राज्यांत झाला.

आता खरा मुद्दा, 'औषध मिळते म्हणून लोकं जास्त नशा करतात'. हे निव्वळ व्हॉट्सअ‍ॅपचं डोकं नाही हे कबूल करतो, 2018 मध्ये तिथल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीही असाच पेपर काढला होता. त्यावर आरोग्यवाल्यांनी धरून विचारलं की बावा, कायदे झाले त्याच वर्षांत फेंटानिल, म्हणजे हेरॉइनपेक्षाही जहाल नशा, पसरत होतं, मरणं कशानं वाढली हे वेगळं कसं काढलं? आन् कायदा कागदावर असणं वेगळं, औषध हातात असणं वेगळं. मॅसॅच्युसेट्समधल्या 19 गावांचा अभ्यास 2013 मध्ये आला, तिथं लोकांना शिकवून नॅलॉक्सोन हातात दिलं होतं. जिथं दिलंच नव्हतं त्याच्या मानानं, जिथं कमी दिलं तिथं ओव्हरडोसची मरणं 27 टक्के कमी, जिथं जास्त दिलं तिथं 46 टक्के कमी. 2023 मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसनं 1 लाखाच्या वर माणसं गेली, 2024 मध्ये आकडा 80 हजारांच्या आसपास आला, त्याला कारणं पुष्कळ असतील, पण नॅलॉक्सोनचे कायदे होते तिथंच होते ना!

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वेळी विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन कामी आलं. मग दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन ठेवलं म्हणून कोणी मास्क काढून मोनोक्रोटोफॉस फवारते काय? आरोग्य केंद्रात सापाची लस आहे म्हणून कोणी बिळात हात घालते काय?

'पोलिसांपासून सुटले'. अर्धवट. सोबतचा कोसळला की बाकीचे भीतीनं पळून जातात, म्हणून बहुतेक राज्यांनी फोन करणाऱ्याला आन् पेशंटला किरकोळ माल जवळ असल्याच्या केसपासून वाचवलं, विकणाऱ्याला नाही. आपल्याकडं रस्त्यावरच्या अपघातात हेच केलंय की, मोटार वाहन कायद्यात 2019 ला 134 अ आलं, मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. त्याच्या आधी लोकं अपघात पाहून गाडी पुढं काढत, काहून तं ठाण्याच्या चकरा कोण मारेल. पण ते फक्त अपघातापुरतं. दोस्त गोळ्या खाऊन निळा पडला तं पोट्टं आजही फोन करायला भिते.

राह्यलं 'भारतात येणार'. आपल्याकडं नॅलॉक्सोन म्हणजे चिठ्ठीवरचं इंजेक्शन, मोठ्या दवाखान्यात असते, माझ्या रॅकवर नाही. 2019 च्या सरकारी सर्व्हेत देशात अफू-हेरॉइनच्या जातीची नशा करणारे 2 कोटी 26 लाखांच्या आसपास निघाले. तं माझं मत विचाराल तर असा कायदा आलाच पाहिजे, घाबरायचं त्यात काय?

हां, एक खरं, यानं व्यसन सुटत नाही. आन् दारूवर तं हे चालतच नाही, कालच एकजण घरच्या बेवड्यासाठी मागत होता. सुटायसाठी 14446 हेल्पलाइन आहे. कोणी गोळ्या खाऊन घोरायसारखा आवाज करत असेल, ओठ निळे पडले असतील, तं 108 लावा, कुशीवर झोपवा, तोंडात पाणी ओतू नका, आन् त्यानं काय खाल्लं ते डॉक्टरला खरं सांगा, रिकामं पाकीट असेल तं तेही सोबत न्या.