बोरी-बाभळींवरचे आरोप

पेरणीचे दिवस जवळ आले की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. काटेरी आणि वेड्यावाकड्या फांद्यांची झाडे जमीन ओसाड करतात, भूगर्भातले पाणी ओढून घेतात, बांधालगतचे पीक खातात, त्यांचे लाकूड कशाच्या उपयोगाचे नसते आणि दारात ती अशुभ असतात, असे त्यात म्हटलेले असते. म्हणून बांधावरच्या बोरी, बाभळी, हिवर, हिंगण मुळासकट काढून त्या जागी निलगिरी, सुबाभूळ अशी सरळ वाढणारी झाडे लावावीत, असा सल्लाही सोबत दिलेला असतो. आमच्या शिवारात हा सल्ला ऐकून जुन्या बाभळी तोडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्यातील एकेका विधानाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान ओसाडीचे. माळावर काटेरी झुडपे जास्त दिसतात हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. जिथे माती उथळ आणि पाऊस बेभरवशाचा असतो, तिथे हिरवे पान फार मोलाचे असते आणि त्यावर शेळ्या-मेंढ्यांपासून हरणांपर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. अशा ठिकाणी काट्यांनी पाने राखणारी झाडेच टिकून राहतात. बाभळीच्या रोपट्यावर आणि शेळीच्या तोंडाला येणाऱ्या फांद्यांवर लांब पांढरे काटे भरपूर असतात, तर जुन्या झाडाच्या शेंड्याकडे ते कमी होत जातात, हे कोणालाही बांधावर उभे राहून पाहता येईल. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरचे शंकूसारखे काटेही वयाबरोबर विरळ होतात. शिवाय सगळे काटे एका जातीचे नसतात. बाभळीचे आणि बोरीचे काटे पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचे बनलेले असतात, हिंगणाचा काटा ही रूपांतरित फांदी असते आणि सावरीचा काटा केवळ सालीचा उंचवटा असतो. बोरीच्या जोडकाट्यांपैकी एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला असतो, म्हणून तिच्यात अडकलेले धोतर पुढे ओढले तरी फाटते आणि मागे ओढले तरी फाटते. माळ आधी उघडा पडला आणि त्यावर टिकू शकली ती ही झाडे. त्यांनी माळ उघडा पाडलेला नाही.

पाणी ओढण्याचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. झाड म्हटले की ते पाणी घेणारच, आणि बाभळीचे मूळ खोल जाते हेही खरे आहे. परंतु या झाडांची पाने पाहावीत: बाभळीची आणि हिवराची पर्णिका तांदळाच्या दाण्याएवढी, आणि नेपतीला तर पाने जवळजवळ नसतातच, तिच्या हिरव्या फांद्याच पानांचे काम करतात. पाणी जपून वापरण्यासाठीच ही रचना आहे. मराठवाड्याचा सरासरी वार्षिक पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि बारा महिन्यांच्या उसाला १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा विहिरी आणि बोअर कोरडे पडण्याचा हिशेब बांधावरच्या बाभळीच्या नावावर मांडणे कोणत्याही प्रामाणिक माणसाला जमणार नाही.

पिकाबाबतच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. पसरट बाभळीच्या सावलीतला ज्वारीचा पट्टा खुरटा राहतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्यावर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे रामकाठी बाभूळ. तिच्या फांद्या खोडाला धरून खराट्यासारख्या वर जातात आणि सावली थोडी पडते. बाकीच्या झाडांची वेळेवर छाटणी केली की तीच फांदी जळण आणि कुंपण होते. बाभूळ, हिवर ही शेंगवर्गीय झाडे असल्याने त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. राजस्थानात बाजरीच्या शेतातच शमी राखली जाते, तिथे तिला खेजडी म्हणतात. तिच्यासाठी १७३० मध्ये खेजडली गावात ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, आणि ती माणसेही शेतकरीच होती.

लाकडाच्या निरुपयोगीपणाचे विधान वाचून, ज्याने ते लिहिले त्याने लाकडी नांगर जवळून पाहिला नसावा असे वाटते. नांगराच्या खोडासाठी सुतार सरळ ओंडका घेत नसे. बाभळीचा नैसर्गिक बाक असलेला तुकडा तो शोधून ठेवत असे, कारण सरळ लाकूड तासून वाकडे केले तर त्याचे धागे तुटतात आणि पहिल्याच दगडाला ते फाटते. ज्या वाकडेपणाचा दोष म्हणून उल्लेख केला जातो, त्यावरच पिढ्यान्‌पिढ्या काळी जमीन नांगरली गेली. बैलगाडीची चाकेही बाभळीचीच. शेंगा उन्हाळ्यात शेळ्यांना, साल आणि शेंगा कातडी कमावायला, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना. हिंगणाच्या फळाच्या गराला साबणासारखा फेस येतो. उमराण बोरीचे कलम उभे राहते तेही गावठी काटेरी बोरीच्या खुंटावर. वाघाटीचे झुडूप वाकड्या काट्यांनी भरलेले असते, आणि आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला तिच्याच फळांची भाजी लागते.

अशुभाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. परळी वैजनाथ, औंढा नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर ही तिन्ही ज्योतिर्लिंगे मराठवाड्यात आहेत आणि तिन्ही ठिकाणी वाहिला जाणारा बेल काटेरी झाडाचा असतो. दसऱ्याची शमीही काटेरीच.

मजकुरात नसलेली, पण तोडणीमुळे घडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लटकतात, कारण खाली पाणी आणि भोवती काटे असल्यावर सापालाही तिथे पोचणे अवघड जाते. खाटीक पक्षी पकडलेला टोळ काट्याला टोचून ठेवतो आणि मग तोडून खातो. त्याला काटा म्हणजे हातातले अवजार आहे.

हा मजकूर लोकांना पटतो याचे कारण वेडी बाभूळ आहे. अमेरिका खंडातून आणलेले हे झाड खरोखर पसरते, त्याच्या गोड शेंगा जनावरे खातात, शेणातून बी सर्वत्र जाते, आणि नुसते तोडले तर बुंध्यातून पुन्हा फुटते. तिच्यावरचा राग योग्य आहे, मात्र तिची शिक्षा गावठी बाभळीला होते. दोन्ही ओळखणे कठीण नाही: गावठी बाभळीचे फूल पिवळे, गोल गोंड्यासारखे असते आणि शेंग दोन बियांच्या मध्ये आवळलेली, माळेसारखी दिसते, वेड्या बाभळीचे फूल लांबट तुऱ्यासारखे आणि शेंग सलग, पिवळसर असते. हिवराचे गोंडे पांढरट असतात आणि सालही फिकट. ज्या सुबाभळीची शिफारस केली जाते, तीही मेक्सिकोकडून आलेली आणि बियांनी भराभर पसरणारी आहे. यंदा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी फूल किंवा शेंग येईपर्यंत थांबावे, आणि जी वेडी बाभूळ ठरेल ती नुसती न तोडता बुंध्याखालून खणून काढावी.