इस्पितळात भेटीला जाताना

शेजारचे काका इस्पितळात दाखल झाले की घरी बसू नका. नुसता फोन करणारा माणूस चतुर्थीला कोणत्या तोंडाने आरतीला येणार? सर्दी झाली असेल तर जाच. नाक ओढत बसलात की माया दिसते. सोबत वहिनी, दोन पोरे आणि पोरांना सांभाळायला आजी, एवढा लवाजमा हवाच.

गोव्याच्या सरकारी कदंब बसची दांडी, बाजारात चाचपून पाहिलेले बांगडे, सुट्ट्या नोटा, हे सगळे बोटांवर तसेच राहू द्या आणि पोचताच आधी काकांच्या गालावरून हात फिरवा. खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली असते. ती शोभेची. वापरायचीच झाली तर तीर्थ घेतल्यासारखा एक थेंब पुरे. जागतिक आरोग्य संघटना 20 ते 30 सेकंद चोळा म्हणते, साबणपाण्याने तर 40 ते 60. एवढ्या वेळात आपण 'कसो आसा?'पासून जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या कज्ज्यापर्यंत पोचतो!

खुर्ची रिकामी असली तरी खाटेवरच टेका. माझ्या मावसभावाने तर कमाल केली. लघवीची पिशवी खाली लोंबताना पाहून त्याला कसेसेच झाले. त्याने ती उचलून चुलत्यांच्या पोटावर ठेवली, वर चादर नीट सारखी केली. पिशवी मूत्राशयाच्या खालीच ठेवायची, नाहीतर नळीतली लघवी उलटी चढते, असे सिस्टर ओरडून सांगत होती. ती उद्धट होती, हे त्याचे मत आजही कायम आहे.

डॉक्टरांना 'हात धुतले का?' असे विचारू नका. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हा आगाऊपणा केला. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना त्याने क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणी जगू लागल्या, डॉक्टर दुखावले. 1865 मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. आपण तर साथींपायी जुने गोवे ओस पडलेले पाहिलेले लोक. राजधानी पणजीला नेली, पण हात धुण्यापर्यंत काही गेलो नाही.

निघताना काकांच्या उशाशी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मागून घ्या. सर्दीच्या विषाणूवर त्या चालत नाहीत, पण फुकट कशाला घालवायच्या?

घरी आल्यावर मात्र उंबरा ओलांडू नका. मागच्या दाराने न्हाणीत जा, कपडे भिजत टाका, डोक्यावरून आंघोळ करा. इस्पितळातले काहीबाही घरात यायला नको.