परदेशातून : विमा नंतर, आधी सरकारचा वाटा सांगा

आठव्या वेतन आयोगाच्या निमित्ताने केंद्रीय कर्मचाऱ्यांत जुना वाद पुन्हा निघाला आहे : केंद्रीय कर्मचारी-निवृत्तांना दवाखाने आणि औषधं पुरवणारी सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना मोडीत काढून आरोग्य विमा आणावा का? सहाव्या आणि सातव्या आयोगाचा कौल विम्याच्या बाजूने होता. सरकारी नोकरांना विमा देऊन तो निवृत्तीनंतरही चालू ठेवणारी एक जुनी व्यवस्था अमेरिकेत आहे. तिचं नाव एफईएचबी. १९६० पासून ती चालू आहे आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या सरकारी खात्यांत, माजी सैनिकांसाठीच्या सरकारी (व्हीए) रुग्णालयांत नोकरी करणारी मराठी कुटुंबंही तिच्यात आहेत. ती टिकली ती विमा कंपन्यांच्या कर्तबगारीमुळे नव्हे. सरकारने किती पैसे घालायचे हे कायद्यातच लिहून ठेवलंय म्हणून.

एफईएचबीत अनेक विमा योजनांतून एक निवडायची असते. सगळ्या योजनांच्या हप्त्यांची भारित सरासरी काढायची (ज्या योजनेत लोक जास्त, तिचं वजन जास्त), तिचे ७२ टक्के सरकारने द्यायचे, पण कुठल्याही योजनेच्या हप्त्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त नाही. सरासरी १,००० डॉलर धरा. ९०० डॉलरची योजना घेतली तर सरकार ६७५ देतं, तुमच्या पगारातून २२५ कापले जातात. १,२०० ची घेतली तर सरकारचे ७२० च, उरलेले ४८० तुमचे. हप्ता वाढला की सरकारचा वाटाही वाढतो. तरीही झळ बसतेच : २०२६ साठी कर्मचाऱ्यांचा वाटा सरासरी १२.३ टक्क्यांनी चढला, त्याच्या आदल्या वर्षी १३.५ टक्क्यांनी. विमा आला की खर्च आटोक्यात येतो, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे जवळ ठेवावेत.

पंचविशीतला कारकून आणि ऐंशी वर्षांचा मधुमेही निवृत्त, दोघांना त्याच योजनेचा हप्ता एकच. तब्येतीची चौकशी नाही, जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ नाही. निवृत्ताचा हप्ता पेन्शनमधून दरमहा कापला जातो. फरक एवढाच, की नोकरीत तो करपूर्व पगारातून जायचा, पेन्शनमध्ये ती सवलत नाही.

नव्या कर्मचाऱ्याने ६० दिवसांत नाव नोंदवायचं. लग्न, बाळंतपण अशा प्रसंगी ३१ दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत बदल करता येतो. एरवी योजना बदलायची ती नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या साधारण चार आठवड्यांच्या मुदतीत, म्हणजे ओपन सीझनमध्ये. त्यात काहीच केलं नाही तर आहे ती योजना चालू राहते. औषधपाण्यासाठी करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं एफएसए खातं मात्र दरवर्षी नव्याने मागावं लागतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

मराठी घरांत गफलत होते ती पाच वर्षांच्या अटीत. निवृत्तीनंतर विमा हवा असेल तर त्याआधीची सलग पाच वर्षं एफईएचबीत असावं लागतं आणि पेन्शन लगेच सुरू व्हावी लागते. नवरा-बायकोपैकी एक सरकारी नोकरीत, दुसरं खासगी आयटी कंपनीत, तिथला विमा स्वस्त, म्हणून एफईएचबी सोडून दिलेला. जोडीदाराच्या एफईएचबीखाली काढलेली वर्षं मोजली जातात, खासगी कंपनीच्या विम्यातली नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कळलं तर आणखी पाच वर्षं नोकरी ओढण्यावाचून इलाज राहत नाही.

पुण्याला परतून उतारवय काढायचा बेत असणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. भारतात रुग्णालयं स्वस्त म्हणून एफईएचबी रद्द करू नये. निवृत्ताने रद्द केलेला विमा परत मिळत नाही. तो तात्पुरता स्थगित ठेवायची सोय मेडिकेअर अॅडव्हान्टेज (ज्येष्ठांच्या सरकारी मेडिकेअरची खासगी कंपन्यांमार्फत चालणारी योजना), ट्रायकेअर (लष्करी कुटुंबांचा विमा) अशा मोजक्या कारणांसाठी आहे, भारतातल्या पॉलिसीसाठी नाही. परदेशातली बिलं देणारी देशव्यापी योजना निवडून ठेवावी. स्थानिक एचएमओ, म्हणजे ठरावीक भागातल्या डॉक्टर-रुग्णालयांपुरती योजना, त्या भागाबाहेर फक्त तातडीचे उपचार बघते. मेडिकेअर तर भारतात जवळपास निरुपयोगीच. पण तिचा पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) वेळेत घेतला नाही तर पुढे दर बारा महिन्यांच्या विलंबामागे हप्त्यात १० टक्के दंड जन्मभर चिकटतो. २०२६ चा साधा हप्ता माणशी २०२.९० डॉलर आहे, तेव्हा कायमचं परतणार की अधूनमधून, हे आधी घरात ठरवलेलं बरं. आणि जोडीदारासाठी कुटुंब पेन्शन निवडली नसेल तर निवृत्ताच्या मृत्यूबरोबर जोडीदाराचा विमाही जातो.

एवढं करूनही एफईएचबीत आईवडिलांना जागा नाही. मुलं २६ वर्षांपर्यंत, आईवडील कधीच नाहीत. सीजीएचएसमध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे अवलंबून आईवडील येतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं मिळतात. २०१७ पासून वर्गणी वेतनस्तराप्रमाणे दरमहा २५० ते १,००० रुपये. निवृत्ताने दहा वर्षांची एकदम भरली की कार्ड आजीव : सात ते अकरा स्तराला ७८,०००, बारा आणि वरच्यांना १,२०,००० रुपये. या भावात बाजारातला कोणताही विमा साठीच्या जोडप्याला हे देणार नाही. म्हणून सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य कार्डाच्या पाच लाखांसाठी सीजीएचएस सोडणं मला वेडेपणा वाटतो. निवड एकदाच करायची असते, आणि त्या कार्डात बाह्यरुग्ण उपचार नाहीत.

सीजीएचएसचं दुखणं वेगळं आहे. महाराष्ट्रातली केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांभोवती. रत्नागिरी-गडचिरोलीच्या निवृत्ताच्या हाती महिना १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता. (तो भत्ता चालू ठेवून वर्गणी भरून फक्त भरती उपचारांसाठी कार्ड घेता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.) रुग्णालयांचे दर वर्षानुवर्षं गोठलेले, बिलं थकलेली, म्हणून कार्ड दाखवलं की खाट नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे २,००० उपचारांचे दर सुधारले, त्याने थोडी हालचाल होईल. पण सुधारित दराची बिलंही वेळेवर चुकती व्हायला हवीत.

आयोगाला निवेदनं देणाऱ्या संघटनांनी 'विमा हवा' किंवा 'विमा नको' एवढंच लिहू नये. सरकारचा वाटा टक्क्यांत आणि नियमात बांधलेला हवा, निवृत्ताला कर्मचाऱ्याइतकाच हप्ता हवा, जुन्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण हवं, आईवडील आणि बाह्यरुग्ण औषधं कायम हवीत, आणि आजीव वर्गणी भरून बसलेल्यांचं कार्ड तसंच चालावं. यातलं एक जरी कलम मसुद्यात नसलं तरी सध्याचं कार्ड सोडण्याच्या पर्यायावर सही करू नये.